फटफटीचा श्वास

श्वास ही अशी गोष्ट आहे की, ती सुरळीत चालू असेतोवर तिची आठवण कोणाला होत नाही. इंदूरला आमच्या मोहल्ल्यात रोज पहाटे प्राणायामाचा वर्ग भरतो. सेवानिवृत्त मंडळी तेथे पूरक, कुंभक आणि रेचक यांचा अभ्यास करीत बसतात. बाहेर भिंतीला लागून उभ्या असलेल्या त्यांच्या वाहनांनीही येताना हाच अभ्यास केला आहे, हे मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या मनात येत नसावे. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आत ओढली जाते, तो पूरक. पिस्टन वर जाताना ती कोंडून दाबली जाते, तो कुंभक. मग ठिणगी पडते, स्फोट होऊन पिस्टन खाली रेटला जातो, आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर टाकतो, तो रेचक. फरक इतकाच की, आपण मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेतो, आणि मिनिटाला तीन हजार फेरे घेणारी फटफटी त्याच मिनिटात पंधराशे श्वास घेते.

कौटुंबिक मासिकात फटफटीचे काय काम, असे एखादी वाचक भगिनी विचारील. परंतु ज्या घरात वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरात हा विषय आज ना उद्या जेवणाच्या पानावर येतोच. कंपनीने दिलेला एअर फिल्टर काढून बाजारातला दुसरा, अधिक ‘मोकळा’ फिल्टर बसवला म्हणजे गाडीची ताकद वाढते, असे त्या मुलाने मित्रांकडून ऐकलेले असते. पैसे वडिलांकडे मागायचे असतात. आणि आईला या साऱ्यात अपघाताची पूर्वसूचना दिसत असते. आमच्या घरी हाच प्रसंग गेल्या दिवाळीत आला, आणि आम्ही पीथमपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तीस वर्षे काढलेली असल्यामुळे निवाडा करण्याचे काम आमच्याकडे आले.

वाद होता आमच्या थोरल्या बंधूंच्या बुलेटवरून. ही ३५० सी.सी.ची गाडी त्यांनी १९८६ साली घेतली आणि २०२२ साली ते गेले, तोपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हाती फारशी दिली नाही. गाडीची एक वही त्यांनी ठेवली होती. ऑइल कधी बदलले, चेन कधी ताणली, टायर कोठून आणला, सारे त्यात तारीखवार नोंदलेले आहे. त्या वहीत दर वर्षी दोन नोंदी हटकून सापडतात. एक गव्हाची काढणी संपल्यावरची आणि दुसरी दसऱ्याच्या आधीची. आणि दोन्ही ठिकाणी एकच वाक्य असते : ‘फिल्टर बदलला.’ आणखी दोन नोंदी तांबड्या शाईतल्या आहेत. १९९९ साली आणि २०१४ साली सिलिंडर बोअर करावे लागले. पहिल्या नोंदीशेजारी कारणही लिहिले आहे की, फिल्टरच्या डब्याचे रबर फाटले होते आणि धूळ बाजूने आत गेली.

बोअर करणे म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होऊन होऊन सिलिंडरची आतली भिंत झिजते, गोलाई बिघडते, गाडी ऑइल पिऊ लागते आणि धूर सोडू लागते. मग ते सिलिंडर यंत्रावर चढवून आतून किंचित कापून पुन्हा गोल करतात आणि त्यात थोडा मोठा पिस्टन बसवतात. प्रत्येक वेळी भिंत पातळ होते. म्हणून हा उपाय दोन-तीनदाच करता येतो. बंधूंच्या बुलेटचे सिलिंडर दोनदा बोअर होऊन चुकले आहे, आणि ज्या उस्तादांनी ही गाडी इतकी वर्षे सांभाळली त्यांच्या मते आता ते आणखी एकदाच कापता येईल. त्यानंतर बाजारातून नवे सिलिंडर आणता येते, ही गोष्ट खरी. पण मग बंधूंच्या हातचे त्या गाडीत राहिले किती, हा प्रश्न आमच्या वहिनींनी विचारला आणि त्यावर कोणाला उत्तर देता आले नाही.

आमचा पुतण्या पुण्याला संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. वडिलांची गाडी नीट करून जानेवारीत तिच्यावरून कच्छच्या रणापर्यंत जाऊन यायचे, असे त्याने ठरवले होते. वडिलांच्या मनात ही सहल होती आणि राहून गेली, हे आम्हांलाही ठाऊक होते. म्हणून जाण्याला कोणाचीच ना नव्हती. पण दिवाळीला आला तो एक खोके घेऊनच. त्यात शंकूच्या आकाराचा, तांबड्या कापडाचा, चकचकीत टोपीचा एक फिल्टर होता. फिल्टरचा मूळ डबा काढून टाकायचा आणि हा शंकू थेट कार्बुरेटरच्या तोंडावर बसवायचा, असा त्याचा बेत होता.

“काका, या गाडीला इतकी वर्षं नाक दाबून पळवलीय. एकदा मोकळा श्वास तर घेऊ द्या तिला,” तो म्हणाला.

“ह्यांनी छत्तीस वर्षांत जे केलं नाही, ते तू आता करणार?” वहिनी म्हणाल्या.

दोन्ही बाजू मनाला पटण्याजोग्या होत्या. अशा वेळी आम्ही कारखान्यात जे करीत असू तेच केले. आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला.

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आतबाहेर असते. तेव्हा लिटरमागे जवळजवळ अकरा किलो हवा झाली. आपल्या माळव्याच्या उंचीवर आणि उन्हाळ्यात इतक्या हवेचे आकारमान होते सुमारे दहा हजार लिटर. माणूस दिवसभरात श्वासावाटे जेवढी हवा घेतो ती साधारण इतकीच भरते. म्हणजे इंदूरहून मांडूला जाईपर्यंत आमची बुलेट तीन लिटर पेट्रोल जाळते आणि तेवढ्या दोन-अडीच तासांत एका माणसाचा तीन दिवसांचा श्वास घेऊन मोकळी होते. ही सारी हवा एका कागदाच्या घडीतून जाते, हे ध्यानात आले म्हणजे पुतण्याच्या म्हणण्यातला जोर कळतो. अडथळा आहे, हे खरेच आहे.

पण किती आहे? समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. फिल्टरचा अडथळाही त्याच मापाने, पाण्याच्या उंचीतच मोजतात. एखाद्या स्वच्छ फिल्टरने दहा सेंटीमीटर पाण्याइतका अडथळा केला असे धरले, तरी तो शंभरातला एक भाग झाला. बुलेट ३५० च्या इंजिनाची ताकद अठरा अश्वशक्ती सांगितली जाते. त्यातला शंभरावा भाग म्हणजे एका घोड्याचा पाचवा हिस्सादेखील नव्हे. हा अडथळा पुरता नाहीसा झाला तरी लाभ तेवढाच, आणि कोणताही फिल्टर तो पुरता नाहीसा करू शकत नाही.

याच्या शेजारी दुसरे दोन आकडे ठेवून पाहावेत. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. केवळ या उंचीमुळे येथील हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. दुसरे असे की, हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले म्हणजे ती जवळजवळ तीन टक्के विरळ होते. इंजिनाला आकारमान नको असते, त्याला वजनाने हवा हवी असते. आता मूळ डब्याची तोटी गाडीच्या बाजूला, बाहेरच्या थंड हवेत उघडते. आणि पुतण्याचा शंकू मात्र तापलेल्या सिलिंडरच्या पाठीमागे, त्याच्याच झळा घेत बसणार होता. तेथे हवा दहा अंशांनी जरी अधिक तापली, तरी एक टक्का मिळवण्याच्या नादात तीन टक्के गमावले जातात. डबा म्हणजे केवळ अडगळ, अशी तरुण मंडळींची समजूत असते. वास्तविक तो हवेला स्थिर करतो, आत ओढताना होणारा आवाज मारतो, पावसाचे शिंतोडे अडवतो आणि थंड हवा पुरवतो. गाडी आखणाऱ्या माणसांनी त्याच्या पोटातली जागा विचारपूर्वक मोजलेली असते.

पुतण्याने हा कागद दोनदा वाचला. आकड्यांवर त्याचा विश्वास आहे. पण तरुण माणसाचा कानांवरही विश्वास असतो. “पण काका, आवाज ऐकलात का तुम्ही त्या फिल्टरचा?” एवढेच तो म्हणाला. आम्ही ऐकला नव्हता.

हिशेबाची दुसरी बाजू धुळीची. इंदूर नगरीला स्वच्छतेचा पहिला क्रमांक २०१७ पासून मिळत आला, याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. पण महापालिकेचा झाडू जेथे संपतो तेथून पुढे माळवा सुरू होतो. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मार्चपासून गव्हाची. मळणीयंत्रांचा भुसा, ट्रॉल्यांमागून उडणारी काळी माती, आणि बारा महिने चाललेल्या बांधकामांची नर्मदेची वाळू. आमच्याकडील मुली दुचाकीवर निघताना डोळे तेवढे उघडे ठेवून सारा चेहरा ओढणीत गुंडाळतात, तो काही हौसेखातर नव्हे.

वाळूचा मुख्य घटक क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोहच्या मापात त्याचा क्रमांक सातवा लागतो. काचेवर आणि साध्या पोलादावर तो सहज ओरखडा काढतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इंजिनाला सर्वांत घातक धूळ त्याहून पुष्कळ बारीक, पाच ते वीस मायक्रॉनची समजली जाते. कारण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, त्यात नेमके हेच कण शिरून कानशीसारखे घासत राहतात. डोळ्यांना दिसणारा खडा क्वचितच आत जातो. न दिसणारी पूड जाते.

आमच्या आजीच्या वेळी घरात औषधी चूर्ण होत असे. ते आधी चाळणीने चाळीत आणि मग मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करीत. फिल्टर म्हणजे असेच एखादे वस्त्र असावे, असे आपल्याला वाटते. पण ते अर्धेच खरे आहे. फिल्टरमधल्या पुष्कळशा वाटा धुळीच्या कणाहून रुंद असतात. हवा तंतूंच्या मधून वळणे घेत निघून जाते, जड कणाला वळता येत नाही, तो तंतूवर जाऊन आदळतो आणि चिकटून राहतो. म्हणूनच काही फिल्टरांना तेल लावतात. चिकटलेला कण सुटू नये, हा त्याचा हेतू.

बाजारात तीन जातींचे फिल्टर मिळतात. पहिला कागदाचा, पंख्यासारख्या घड्या घातलेला. बहुतेक कंपन्या हाच देतात. हा बारीक धूळ उत्तम अडवतो, आणि गंमत अशी की, त्यावर धुळीचा पातळ थर साचला म्हणजे अधिकच चांगला अडवतो; अर्थात हवाही त्या मानाने अधिक अडते आणि एक दिवस तो टाकून द्यावा लागतो. काही गाड्यांत हा कागद तेलकट असतो. तो हवेच्या फवाऱ्याने साफ करायचा नसतो, मुदत संपताच बदलायचा असतो. दुसरा फोमचा, स्पंजासारखा. तेल लावून वापरला तर तो पुष्कळ धूळ पोटात साठवतो. चिखलमातीतून गाड्या पळवणारे लोक तो पसंत करतात, पण त्यांना तो वारंवार धुवावा लागतो. तिसरा सुती जाळीचा, तेल लावलेला. कॅलिफोर्नियातल्या के. अँड एन. या कंपनीने १९६९ पासून हा प्रकार जगभर नेला. कंपनीचे नाव केन आणि नॉर्म या दोघा संस्थापकांच्या आद्याक्षरांवरून पडले, आणि ते दोघेही मुळात मोटारसायकलींच्याच व्यवसायातले. हा फिल्टर धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि हवेला मोकळी वाट देतो. त्याची किंमत मात्र कागदी फिल्टरच्या अनेक पट असते.

येथे जाहिरातीतल्या एका आकड्याकडे वाचकांनी नीट पाहावे. फिल्टर तपासण्याची आयएसओ ५०११ ही एक जागतिक कसोटी आहे. ठरावीक मापाची धूळ ठरावीक प्रमाणात सोडून किती अडली आणि किती निसटली, ते तीत मोजतात. समजा, एका फिल्टरने शंभरातली नव्याण्णव भाग धूळ अडवली आणि दुसऱ्याने सत्त्याण्णव. ऐकताना दोन्ही सारखेच चांगले वाटतात. पण इंजिनाच्या पोटात जाते ती अडलेली धूळ नव्हे, निसटलेली धूळ. पहिल्यातून एक भाग जातो, दुसऱ्यातून तीन, म्हणजे तिप्पट. जुन्या सिलिंडरला एकच बोअर उरलेला असेल, तर हा तिपटीचा हिशेब पोरखेळ नाही.

एवढे सांगूनही केवळ कागदावर निवाडा देणे आम्हांला बरे वाटेना. कारखान्यात आम्ही आकडेमोड करणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष माप घेणाऱ्यांचे अधिक ऐकत आलो. तेव्हा लक्ष्मीपूजनानंतरच्या रविवारी गाडी घेऊन आम्ही दोघे उस्तादांकडे गेलो. त्यांनी प्रथम गाडीतला जुना फिल्टर बाहेर काढला. बंधू गेल्यापासून गाडी अंगणातच उभी होती, आणि फिल्टरच्या डब्यात चिचुंद्रीने कापूस, धान्याची फोलपटे आणि वर्तमानपत्राचे कपटे यांचा सुखाचा संसार थाटला होता. उस्ताद हसले. प्लग काढून पाहिला, तो काजळासारखा काळा. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, याची ती खूण.

पुढल्या तीन सुट्यांत आम्ही खंडवा रस्त्यावरचा भेरूघाटाचा तोच चढ, तोच स्वार आणि पाठीमागे घड्याळ हाती घेऊन तेच काका, अशा सिद्धतेने चार प्रकारे चढून पाहिला : जुन्या फिल्टरने, नव्या कागदी फिल्टरने, मूळ डब्यात बसणाऱ्या सुती फिल्टरने (हा उस्तादांनी एका गिऱ्हाइकाकडून मागून आणला होता) आणि डबा काढून लावलेल्या शंकूने. प्रत्येक प्रकाराला तीन फेऱ्या. हा प्रयोग शास्त्रशुद्ध होता, असा आमचा दावा नाही. अकरा किलोमीटरहून लांब धावपट्टी असलेले राष्ट्रीय चाचणी केंद्र आमच्या पीथमपूरलाच आहे. पण तेथे आमच्यासारख्यांना कोण विचारतो?

जे दिसले ते असे. जुना फिल्टर काढून नवा कागदी घालताच गाडीत जी तरतरी आली, ती घड्याळाशिवायही कळली. वहीत दर वर्षी दोनदा लिहिलेल्या त्या वाक्याचे मोल त्या दिवशी पुतण्याच्या ध्यानात आले असावे; कारण घाटमाथ्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. कागदी आणि सुती यांच्यातला फरक मात्र घड्याळाला पकडता आला नाही. एकाच फिल्टरच्या तीन फेऱ्यांत जेवढे अंतर पडे, त्याहून तो लहान होता. राहिला शंकू. त्याचा आवाज मात्र खरोखर भव्य होता. थ्रॉटल पिळताच गाडी छाती भरून हुंकार देई आणि मागे बसलेल्या आमच्याही अंगावर काटा येई. पुतण्याने शपथेवर सांगितले की, या खेपेस गाडी सर्वांत वेगाने चढली. आम्ही घड्याळ पुढे केले. ती जवळजवळ तितक्याच वेळात चढली होती, आणि एका फेरीत तर मागेच राहिली होती. ताकद आणि आवाज यांची गफलत माणसे फटफटीच्याच बाबतीत करतात असे नाही, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

शंकूबरोबर दुसरेही एक दुखणे आले. अडथळा कमी झाला की कार्बुरेटरमधला ओढाही कमी होतो, पेट्रोल त्या मानाने कमी येते, आणि मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणाने इंजिन तापते. हे फार दिवस चालले तर पिस्टनला धोका असतो. चहाच्या, किंबहुना बिस्किटाच्या रंगाचा असायला हवा तो प्लग फिकट पांढरा पडू लागला होता. उस्तादांनी मोठी मेन जेट घालून तो दोष काढला, तेव्हा शहराच्या गर्दीत, कमी वेगात, गाडी अडखळू लागली. आजच्या गाड्यांना ही अडचण वेगळ्या रीतीने येते. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.६ नियम लागू झाले आणि कार्बुरेटरची जागा जवळजवळ सर्वत्र इंधन फवारणीने घेतली. तेथे धुराड्यातला प्राणवायू मोजणारा सेन्सर संथ चालीत पेट्रोलचे प्रमाण स्वतःच सावरतो. म्हणून नुसता फिल्टर बदलल्याने त्या गाड्यांत फारसे बिघडत नाही, आणि फारसे साधतही नाही.

शेवटची परीक्षा सर्वांत साधी होती, आणि ती उस्तादांची. प्रत्येक फिल्टरच्या मागे, कार्बुरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून त्यांनी बोटभर ग्रीस फिरवले. शंकूला नळी नव्हती, तेथे कार्बुरेटरच्या तोंडाशीच फिरवले. सिमरोलच्या पुढल्या कच्च्या रस्त्यावर, सोयाबीनच्या ट्रॉल्यांमागून, दर वेळी तेवढेच अंतर गाडी चालवायची आणि मग ते ग्रीस पांढऱ्या फडक्याने पुसून पाहायचे. फडके वहिनींनी दिले. कागदी फिल्टरमागचे ग्रीस जसेच्या तसे निघाले. सुती फिल्टरमागे फडक्यावर अगदी पुसट करडी छटा उमटली. शंकूच्या खेपेस मात्र फडके चिमटीत धरून चोळले तेव्हा बोटांना कचकच लागली.

उस्तादांनी ते फडके पुतण्याच्या हातात दिले आणि आपल्या अस्सल इंदुरी बोलीत म्हणाले, “भिया, इंजन को साफ हवा चइये. जादा हवा तो वो खुद खींच लेता है.”

मोकळा फिल्टर घेणारे सारेच अविचारी असतात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्याने इंजिनाचा कॅमशाफ्ट बदलला, मोठा कार्बुरेटर घातला, सायलेन्सर बदलला आणि जो डांबरी धावपट्टीवर शर्यतीत उतरतो, त्याच्या यंत्राला खरोखरच अधिक हवा लागते आणि मूळ फिल्टर तेथे अपुरा पडतो. त्याचा सौदा वेगळा आहे. त्याला काही शर्यतींपुरते आयुष्य पुरते. मोसम संपला की इंजिन उघडून नव्या रिंगा घालण्याची त्याची तयारी असते. गृहस्थाच्या गाडीला मात्र मुलाला शाळेत, मग महाविद्यालयात पोचवायचे असते आणि पुढे त्याच मुलाच्या हाती जायचे असते. दोघांनी एकाच दुकानातून एकच वस्तू घ्यावी, हे बरे नव्हे.

ज्यांच्या घरी हा हट्ट धरला गेला असेल त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. मूळ डबा काढू देऊ नये. फिल्टर बाहेरचा घ्यायचाच असेल तर त्याच डब्यात चपखल बसणारा घ्यावा, आणि त्याची रबरी कडा सर्व बाजूंनी दाबून बसते की नाही, हे बोट फिरवून पाहावे. कारण कडेला राहिलेली सुतभर फट हा फिल्टर किती उत्तम आहे, हा प्रश्नच निरर्थक करून टाकते. सुती फिल्टर घेणाऱ्याने तो त्याच्याच साबणाने धुवावा, सावलीत वाळू द्यावा, हवेचा फवारा मारू नये आणि तेल बेताने लावावे. जास्त तेल ओघळून आत जाते, आणि ज्या गाड्यांत हवा मोजणारे सेन्सर आहेत तेथे ते त्यांवर बसते. जो मुलगा स्वतःची पाण्याची बाटली धूत नाही, तो फिल्टर धुईल अशी आशा ठेवू नये. त्याला कागदीच घेऊन द्यावा. आणि हुबेहूब खोक्यातल्या स्वस्त नकला टाळाव्यात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ग्रीस आणि पांढरे फडके यांची परीक्षा कोणालाही घरच्या घरी करता येते. तिला खर्च नाही.

पुतण्याने तांबडा शंकू पुन्हा खोक्यात भरला आणि पुण्याच्या एका मित्राला देऊन टाकला. जानेवारीत तो कच्छला गेला, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन नवे कागदी फिल्टर होते. एक जाताना बदलायचा आणि एक परतीला. वाटेत बडोद्याला आमच्या मावसबहिणीकडे त्याचा मुक्काम झाला. रणाची धूळ आणि मीठ अंगावर घेऊन दहाव्या दिवशी संध्याकाळी तो अंगणात उतरला, तेव्हा चहाचे नाव न काढता त्याने आधी डबा उघडला, नळी सोडवली आणि आईकडे पांढरे फडके मागितले.

वहिनींनी ते आणून दिले, नळीतून फिरवताना जवळ उभ्या राहून पाहिले, बाहेर आले तेव्हा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासले. नुसते ग्रीस होते. मग वही आणून त्यांनी मुलापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “लिही आता. आणि हे फडकं गाडीच्याच डब्यात ठेव. माझ्या स्वयंपाकघरात ते परत यायचं नाही.”